खिडकीची बाजू आणि सोडायची राहिलेली कट्टी

निळीशाई:

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

लेक नऊ वर्षांची आहे. तिची शाळेतली अगदी जिवाभावाची मैत्रीण, पहिलीपासून दोघी एका बाकावर, या महिन्याच्या शेवटी गाव सोडून चाललीये, कायमची. तिच्या आईबाबांची नोकरी, दुसरं काही कारण नाही. आम्हा मोठ्यांना हे दोन महिने आधीच माहीत होतं, मुलींना मागच्या आठवड्यात सांगितलं. मला वाटलेलं रडारड होईल, मी तयारीत होते, काय बोलायचं तेपण ठरवून ठेवलेलं. तर रडारड शून्य. त्याऐवजी दोघी रोज भांडतायत. खोडरबरावरून, रांगेत पुढे कोण यावरून, कशावरूनही. काल दप्तर फेकून म्हणाली, "जाऊ दे तिला, बरंच होईल, नाहीतरी चिडकी आहे ती." आणि माझ्या पोटात एकदम खड्डाच पडला, कारण हे मी आधी बघितलंय. बघितलंय काय, केलंय.

मी पाचवीत असताना बाईंनी आम्हाला आडनावांच्या क्रमाने बसवलं होतं, त्यामुळे मी आणि ती शेजारी आलो. दुसरं काही साम्य नव्हतं आमच्यात. ती धीट, मी घाबरट, ती गणितात पुढे, मी निबंधात. आमचा बाक भिंतीला लागून होता आणि त्याला खिडकी होती, आणि त्या वर्गात खिडकी मिळणं म्हणजे काय चैन होती ते ज्यांना मिळाली त्यांनाच कळेल. म्हणून आमचा नियम होता, एक आठवडा तिचा, एक आठवडा माझा, दर सोमवारी बदल. कितीतरी महिने कधी मोडला नाही.

मग एका सोमवारी मी आले तर ती आधीच खिडकीशी बसलेली. आठवडा माझा होता. म्हटलं ऊठ. म्हणाली, या आठवड्यात मीच बसणार. का? तर म्हणे असंच. मी पुन्हा सांगितलं, ती बाहेर बघत बसली. शेवटी मी बाईंना सांगितलं. बाईंनी तिला उठवलं, मी खिडकीशी बसले आणि मी कट्टी घेतली. सगळा आठवडा आम्ही एका बाकावर बसून एक शब्द बोललो नाही, मध्ये दप्तराची भिंत. शनिवारी शाळा सुटली तेव्हा ती दारापाशी जरा रेंगाळली होती, मला आठवतंय, आणि मी मुद्दाम दुसऱ्या मुलींबरोबर निघून गेले.

पुढच्या सोमवारी ती नव्हतीच. बाईंनी हजेरी घेतली, तिचं नाव गाळून थेट माझं घेतलं. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ती शाळा सोडून गेली. बस, एवढंच. मला उरलेलं वर्षभर खिडकी मिळाली.

म्हणजे तसं बघितलं तर आमची कट्टी अजून चालूच आहे. तेहतीस वर्षं झाली.

तर दोन गोष्टी. एक, लेकीला काय सांगू. आणि दोन, तुमचेही असे निरोप असतील, झालेले, न झालेले, ते सांगा.

हसरा_चष्मा:

अगं काय लिहिलंयस. "नाव गाळून थेट माझं घेतलं" तिथे थांबले मी, पाच मिनिटं पुढे वाचलंच नाही. बाकी नंतर लिहिते.

पुस्तककिडा:

तुमच्या त्या आडनावांच्या क्रमावरून आठवलं. १९७४ साली मॅडी सीगल नावाच्या संशोधिकेने अमेरिकेत मेरिलँडच्या पोलिस प्रशिक्षण केंद्रातल्या उमेदवारांचा अभ्यास केला होता. तिथे वर्गातल्या जागा आणि राहायच्या खोल्या सगळं आडनावाच्या अक्षराप्रमाणे दिलेलं. नंतर प्रत्येकाला विचारलं की तुझे जवळचे मित्र कोण, तर बऱ्याच जणांनी वर्णमालेत आपल्या शेजारी येणाऱ्यांची नावं घेतली. धर्म, वय, आवडीनिवडी यापेक्षा आडनावाचं अक्षर जास्त कामाला आलं. म्हणजे मोठ्या माणसांचं, तेही पोलिसांचं असं होतं, तर पाचवीतल्या मुलींचं काय.

फटकळ:

मग त्यात एवढं रडण्यासारखं काय आहे? तुम्हीच सिद्ध केलंत की हा सगळा हजेरीपटाचा खेळ. आडनाव वेगळं असतं तर दुसरी मैत्रीण असती आणि आज तिच्यासाठी धागा काढला असता. मुलगी तीन आठवड्यांत विसरेल, लिहून ठेवा. लहानपणीच्या मैत्रीला आपण मोठेपणी जी झालर लावतो ना, ती त्या वयात नसतेच.

पुस्तककिडा:

फटकळराव, योगायोगाने झाली म्हणजे खोटी झाली असं कुठं आहे? आईबापही योगायोगानेच मिळतात.

आणि दुसरं, वेळेचा हिशोब बघा. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ मधला अभ्यास आहे, नवीन गावात राहायला आलेली मोठी माणसं आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं घेऊन केलेला. ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मग चांगला मित्र म्हणायला ९० च्या आसपास आणि जिवलग म्हणायला २०० च्या वर. आता मोठेपणी २०० तास कुणाबरोबर काढायचे तर वर्षं जातात, एवढा वेळ आहे कुणाकडे. शाळेत एका बाकावर रोज पाच तास धरले तर चाळीस दिवसांत काम फत्ते. आणि निळीशाईंची लेक तर पहिलीपासून शेजारी बसतेय. तीन आठवडे म्हणे.

मागचा_बाक:

संशोधनकाका सुटले 😄

माझी गोष्ट सांगतो, छोटीशी आहे. शाळेचं शेवटचं वर्ष, शेवटचा पेपर. मी आणि माझा मित्र, सहा वर्षं रोज सायकलवर बरोबर जायचो यायचो. त्याची सायकल चांगली, माझी कायम पंक्चर, त्याचा हवा भरायचा पंप बहुतेक वेळा माझ्याच घरी असायचा. शेवटच्या पेपरानंतर फाटकाशी आलो, पेपर कसा गेला यावर वाद घातला, आणि जाताना तो म्हणाला, "उद्या पंप आण रे." मी म्हटलं, आणतो. झालं. तो उद्या आलाच नाही, म्हणजे दिवस आला हो, पण शाळा संपली होती ना. तो सुट्टीत मामाकडे गेला, तिकडेच पुढं शिकायला राहिला, नंतर त्याचे घरचेपण गेले.

त्याच्या आधी चार दिवस आमचा रीतसर निरोप समारंभ झालेला, भाषणं, फोटो, मुली रडल्या, आम्ही त्यांना हसलो. त्या दिवशी मला काही वाटलं नव्हतं. मला निरोप म्हटलं की ते "उद्या पंप आण" आठवतं.

तिसरी_घंटा:

मागचा_बाक, +१. समारंभातलं काहीच लक्षात राहत नाही, त्या वह्यांमध्ये सगळ्यांनी सगळ्यांना तेच लिहिलेलं असतं, "मला विसरू नकोस", आणि खाली रंगीत पेनने फूल. माझ्याकडे अशी अठ्ठावीस पानं आहेत, त्यातल्या निम्म्या मुली कोण होत्या तेच आठवत नाही. विसरू नकोस म्हणून लिहिलंय आणि मी विसरलेय, काय करणार.

अर्धविराम:

मी सहसा लिहीत नाही, नुसती वाचते, पण हे वाचून राहवलं नाही.

मी दुसऱ्या बाजूची आहे. बाबांच्या बदल्यांमुळे माझ्या पाच शाळा सुटल्या. पहिल्या वेळी खूप रडले. दुसऱ्या वेळेपासून शहाणी झाले. निघायचंय असं घरात कळलं की दोनतीन दिवसांत ज्या मुलीशी सगळ्यात जास्त गट्टी असेल नेमकं तिच्याशीच माझं भांडण व्हायचं. ठरवून नाही हं, तेव्हा मला मनापासून वाटायचं की चूक तिचीच आहे. फार उशिरा, लग्नानंतर कधीतरी लक्षात आलं की पाचपैकी चार वेळा असंच झालंय. भांडून निघालं की गाडीत बसताना रडू येत नाही, राग येतो, आणि राग घेऊन प्रवास बरा होतो.

आणि सांगायचं नाही कुणाला, हा दुसरा नियम. कारण सांगितलं त्या क्षणापासून आपण "जाणारी" होतो. गटात नाव घेत नाहीत, नाटकात काम देत नाहीत, बाईपण म्हणतात तू कशाला आता वही घेतेस. अजून तिथेच असतो आपण, पण नसल्यासारखं वागवतात. एकदा अनुभव घेतला, मग पुढे शेवटच्या दिवसापर्यंत तोंड उघडलं नाही.

निळीशाई, तिला माहीत होतं हो. खिडकी हवी होती ती त्यासाठीच. एक आठवडा तुझा, एक माझा, हा हिशोब तुमच्यासाठी चालू होता, तिच्यासाठी संपला होता. पुढचा सोमवार तिच्याकडे नव्हताच.

निळीशाई:

.

(काही सुचत नाहीये. नंतर येते.)

हसरा_चष्मा:

अर्धविराम, 🙏

फटकळ:

एक मिनिट. तिला माहीत होतं हे कशावरून? तिलाही रविवारी रात्री सामान बांधताना सांगितलं असेल. त्या काळी मुलांना कोण विचारत होतं. आपण तेहतीस वर्षांपूर्वीच्या दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात काय होतं ते आज ठरवतोय.

अर्धविराम:

असू शकतं. मी माझं सांगितलं, तिचं मला कसं माहीत असणार. पण शनिवारी दारापाशी रेंगाळलेली ना ती.

पुस्तककिडा:

अर्धविराम जे म्हणतायत ते फार ओळखीचं आहे, म्हणजे त्यावर काम झालेलं आहे. ज्यांच्या आईवडिलांना सारखं देशोदेशी फिरावं लागतं अशा मुलांवर डेव्हिड पोलॉक नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं काम केलं. त्याचं म्हणणं असं की जायचं ठरलं की माणूस नकळत दोर सैल करायला लागतो, दोन्ही बाजूंनी, आणि भांडणं हा त्यातलाच प्रकार. तुटलं तर आपणच तोडलं असं तरी वाटतं. त्याने निघणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगितल्या, त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की "राफ्ट" होतं, म्हणजे तराफा. आधी भांडणं मिटवा, मग ज्यांनी आपल्यासाठी काही केलं त्यांना तसं बोलून दाखवा, मग निरोप घ्या, आणि मग पुढच्या जागेचा विचार करा. गंमत अशी की भांडण मिटवणं पहिलं आहे, निरोपाच्याही आधी. कारण मिटवलं नाही तर ते सामानाबरोबर जातं.

आणि मागे राहणाऱ्याकडेही राहतं, हे आपल्याला या धाग्यावर दिसतंच आहे.

मागचा_बाक:

काका, तुम्ही कधी नुसतं "छान लिहिलंय" असं म्हणता का 😄 पण हे पटलं.

खडूफळा:

प्राथमिकला शिकवते, बावीस वर्षं झाली. दरवर्षी वर्गातून एकदोन मुलं जातात, त्यामुळे हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, जाणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, राहणाऱ्याकडे कुणाचंच नसतं. जाणाऱ्या मुलाला नवीन घर, नवीन शाळा, सगळीच धांदल. मागे राहिलेल्याला तोच वर्ग, तोच बाक, फक्त शेजारची जागा मोकळी. पूर्वी मी ती जागा काही दिवस तशीच ठेवायचे, मला वाटायचं लगेच दुसरं कुणी बसवणं बरं नाही. एका मुलाने तिथे रोज आपलं दप्तर ठेवायला सुरुवात केली आणि कुणी हात लावला की मारामारी. तेव्हापासून मी काय करते, मूल गेलं की दोनचार दिवसांत अख्ख्या वर्गाच्याच जागा बदलते, सगळ्यांच्या. म्हणजे ती रिकामी जागा एकट्याच्या वाट्याला येत नाही. नाव मात्र हजेरीत गाळत नाही, त्या दिवशी वर्गाला सांगते की ती आता अमुक ठिकाणी आहे, आपण पत्र लिहू या. निळीशाई, तुमच्या बाई वाईट नसणार, त्यांना कुणी शिकवलंच नसेल. मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरं, "नवीन मैत्रिणी मिळतील" हे वाक्य कृपा करून बोलू नका. खरं आहे, मिळतात. पण त्या वेळी मुलाला ऐकू येतं की तुझी मैत्रीण म्हणजे तुटलेली पेन्सिल, दुसरी घे. घरात कुणी गेलं तर आपण मुलांना जवळ घेतो, शाळेत कळवतो. मैत्रीण गेली तर म्हणतो एवढं काय त्यात. पुस्तककिडा यांच्यासारखं मला फार माहीत नाही, पण एका प्रशिक्षणात केनेथ डोका या अभ्यासकाबद्दल सांगितलं होतं, १९८९ मध्ये त्यांनी अशा दुःखाची संकल्पना मांडली जे बाकीच्यांच्या लेखी दुःखच नसतं, त्यामुळे त्या माणसाला ते उघड करायची सोयच राहत नाही. मला ऐकताक्षणी तो दप्तर ठेवणारा मुलगा आठवला.

तिसरं, तारीख सांगा. "लवकरच जाणार" नको, कॅलेंडरवर दाखवा. आणि एक यादी करायला सांगा दोघींना मिळून. कुणाचं काय कुणाकडे आहे, ते परत करायचं. शेवटच्या आठवड्यात काय काय करायचं राहिलंय ते लिहायचं. मुलांना हातात काम असलं की जमतं, नुसतं "नीट वाग, ती जाणार आहे" म्हटलं की आणखी भांडतात.

तिसरी_घंटा:

खडूफळा, किती छान सांगितलंत. मला अशी शिक्षिका मिळाली असती तर.

मी पुन्हा भेटलेल्या मैत्रीची गोष्ट सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही, सगळ्यांना वाटतं भेट झाली की गोड शेवट.

सातवीत सुटलेली मैत्रीण मला सव्वीस वर्षांनी सापडली. शाळेचा व्हॉट्सॅप ग्रुप झाला, कुणीतरी तिला आणलं. डीपी बघितल्याबरोबर ओळखलं, लग्नानंतरचं आडनाव वेगळं, केस वेगळे, तरी एका क्षणात. लगेच फोन केला. पहिली पंधरावीस मिनिटं दोघी किंचाळत होतो. मग मुलं किती, काय करतेस, आईवडील कसे आहेत. आणि मग... संपलं. दोघी गप्प. एकमेकींचा श्वास ऐकू येत होता. "चल, ठेवू मग?" "हो हो, बोलू निवांत." ते निवांत काही आलं नाही.

आणि त्याच फोनवर ती म्हणाली, तुला आठवतं का, तू गॅदरिंगमध्ये परी झाली होतीस आणि तुझा पंख तुटला आणि मी स्टेजमागे टाचणीने जोडला. मी आयुष्यात कधी परी झालेली नाही. ती दुसरीच कुणी. मला ती आठवत होती आणि तिला मी नाही, माझ्या जागी कुणीतरी परी. मी हो म्हटलं. काय सांगणार.

हसरा_चष्मा:

"माझ्या जागी कुणीतरी परी" 😂😭 दोन्ही एकदम झालं.

पुस्तककिडा:

बोलू का? बोलतोच.

चेहरा ओळखला यात नवल नाही. १९७५ मध्ये बाहरिक आणि सहकाऱ्यांनी ३९२ लोकांना त्यांच्या शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या फोटोंवर तपासलं, कुणी नुकतंच शाळेतून बाहेर पडलेलं, कुणी जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी. अनोळखी चेहऱ्यांमध्ये मिसळून ठेवलेले वर्गमित्रांचे फोटो लोक ३५ वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांच्या आसपास बरोबर ओळखत होते. पण काही न दाखवता वर्गातल्या मुलांची नावं सांगा म्हटलं की गाडी अडायची. चेहरा राहतो, बाकीचं गळतं. आणि जे गळतं तिथे आपण काहीतरी भरतो. तिच्याकडे पंख जोडल्याची आठवण खरीच असणार, फक्त पत्ता चुकला.

फटकळ:

चला, आता मला बोलू द्या. तिसरी_घंटा यांनी लिहिलंय तेच मी म्हणत होतो. वीस मिनिटं. सगळी मैत्री वीस मिनिटांत उरकली. आणि तो शाळेचा ग्रुप, रोज सकाळी फुलांचे फोटो, वाढदिवसाला सत्तर वेळा तोच केक, निवडणूक आली की शिव्या. जे संपलंय ते संपू द्यावं. तुमच्या मनातली ती खिडकीवाली मुलगी उद्या ग्रुपवर येऊन औषधी काढ्याचे मेसेज टाकायला लागली तर? तेहतीस वर्षांची कट्टी जास्त चांगली होती म्हणाल.

टिकवलीच पाहिजे असं ओझं मुलांवर टाकू नका एवढंच माझं म्हणणं. फोन कर, व्हिडिओ कॉल कर, अजून कॉल का नाही केलास, तिला वाईट वाटेल. मोठ्यांच्या हौसेपायी मुलांना मैत्रीचा गृहपाठ.

निळीशाई:

आले परत. दोन दिवस नुसती वाचत होते.

फटकळ, तुमचं शेवटचं पटलं, खरंच. मी आधीच दोघींसाठी दर रविवारचा व्हिडिओ कॉल ठरवून टाकलेला, त्यांना न विचारता. रद्द केला.

आणि नाही, मी तिला शोधणार नाही. म्हणजे शोधलं असतं तर सापडली असती एव्हाना, आजकाल काय अवघड आहे. मलाच नकोय बहुतेक. तिला हे काहीच आठवत नसेल आणि मला "तूच ती परी ना" म्हणेल, ते मला झेपणार नाही.

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद वाचला त्या रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं मी त्या गोष्टीत स्वतःला अन्याय झालेली समजत होते, माझा आठवडा होता म्हणून. बाईंना सांगितलं यात मला काही चूक वाटलीच नव्हती कधी. नियम नियम असतो ना.

मागचा_बाक:

मुलामुलींमध्ये फरक असतो का यात? आम्ही मुलं असलं काही बोललोच नाही कधी. त्याला "आवडायचास तू" वगैरे म्हणायचं, छे.

पुस्तककिडा:

आहे की उत्तर. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षातली तीस मुलंमुली घेतली आणि १८ महिने त्यांच्या मैत्र्यांचं काय होतं ते बघितलं, म्हणजे शाळा सुटून कॉलेज किंवा नोकरी सुरू झाल्यानंतरही. २०१५ मध्ये छापून आलं. मुलींच्या बाबतीत बोलत राहिल्याने मैत्री टिकायला मदत होत होती. मुलांच्या बाबतीत बोलण्याने फार फरक पडत नव्हता, एकत्र काहीतरी केल्याने पडत होता. खेळणं, भटकणं, काहीही.

मागचा_बाक:

म्हणजे हवा भरणं.

पुस्तककिडा:

म्हणजे हवा भरणं.

अर्धविराम:

निळीशाई, तुम्ही स्वतःला फार बोल लावू नका. मी ज्या चौघींशी भांडून निघाले त्यातल्या एकीलाही मी सांगितलं नव्हतं. त्यांनी काय ओळखायचं होतं? दहा वर्षांच्या होत्या त्याही.

लेकीचं काय झालं ते नक्की सांगा.

निळीशाई:

सांगते. आज सकाळी गेली ती. आत्ता लिहितेय तर लेक शेजारच्या खोलीत चित्र काढत बसलीये.

खडूफळा यांनी सांगितलं तसं कॅलेंडर लावलं, यादी करायला बसवलं. त्याआधी एक दिवस तिला मी माझी खिडकीची गोष्ट सांगितली, जशीच्या तशी. उपदेश काही केला नाही. तिने विचारलं, "मग तू सॉरी म्हणालीस?" म्हटलं नाही, ती नव्हतीच. "बट्टी पण नाही?" नाही. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, "तू बाईंना का सांगितलंस पण." म्हणजे तिथेच बोट ठेवलं. मी काय उत्तर देणार.

दुसऱ्या दिवशी भांडल्या नाहीत असं नाही, भांडल्याच. पण यादी केली. दोन गोष्टींची पुस्तकं, उड्या मारायची दोरी, केसांच्या पिना, एक अर्धवट सोडवलेलं कोडं, जे पूर्ण करायला दोन संध्याकाळी लागल्या. सगळं इकडचं तिकडे, तिकडचं इकडे झालं. यादीवर टिका मारल्या. काल रात्री मी यादी बघितली तर एका ओळीवर टीक नव्हती. तिच्या कंपासपेटीतला गुण्या, एक कोपरा मोडलेला, हिच्याकडे राहिलेला. म्हटलं हा राहिला की, सकाळी आठवणीने दे. तर म्हणाली, "नाही देणार."

का?

"सगळं परत केलं की संपलं ना."

सकाळी गाडी निघताना दोघी हसत होत्या, काहीतरी कानात बोलल्या, मला कळलं नाही. रडले मीच. गुण्या उशीखाली आहे.

खडूफळा:

राहू द्या तिच्याकडे. माझ्या यादीत आता बदल करावा लागणार.

हसरा_चष्मा:

ऑफिसात बसून रडतेय, सगळे बघतायत.

फटकळ:

गुण्या मोडकाच आहे ना, मग ठीक.

मागचा_बाक:

तीन घरं बदलली. पंप अजून माझ्याकडे आहे. वॉशर गेलाय त्याचा, हवा भरत नाही.